डावा सपाट, उजव्याला दोन चिरा

गुप्त प्रश्न : तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?

पोले.

शिवकन्येने लिहिलं आणि लगेच खोडलं. पंचफुलाबाई पोल्यांची लेक आहे हे साखऱ्यात कुणाला माहीत नाही? भावाच्या, म्हणजे हनुमानच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव आडनावासकट छापलं होतं, आणि ती पत्रिका अजून अर्ध्या गावाच्या दारांना चिकटलेली होती. याला गुप्त काहून म्हणायचं, तिला कळेना. शेवटी तिने उत्तराच्या जागी एक धडधडीत खोटं आडनाव ठोकलं. हे यंत्र काही साखऱ्यात विचारायला येणार नव्हतं.

साल दोन हजार सात. सेनगावात संतरामचं दुकान होतं. पुढे झेरॉक्स, मागे पडदा, पडद्यामागे तीन कॉम्प्युटर. शिवकन्या बारावी झाली होती. नांदेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण होतं, राहायला वसतिगृह होतं, आणि त्यांचा सगळा व्यवहार ई-मेलवर चालत होता. तिला तेच हवं होतं. घरच्या पत्त्यावर पत्र आलं की ते चार हातांतून फिरतं, पाचव्या हाताला मिळतं तेव्हा त्यातला मजकूर तिला सोडून सगळ्यांना पाठ असतो.

संतरामने कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, पासवर्ड काय ठेवला. त्याच्या मागच्या भिंतीवर गॅसवाल्याचा नंबर होता, जीपवाल्यांचे नंबर होते, आणि खाली एकेकाचं नाव, समोर पासवर्ड. अख्ख्या तालुक्याच्या चाव्या चुन्यावर टांगलेल्या. लोक विसरतात, मग त्याच्याच डोक्याला तकलीफ, असं त्याचं म्हणणं होतं.

ती म्हणाली, नको.

"माह्यावर इश्वास न्हाई का, बाई?"

"तुमच्यावर हाय. भितीवर न्हाई."

तो हसला. ती हसली नाही. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून, हातावर ओढणी पांघरून तिने एक एक अक्षर दाबलं.

पासवर्ड : * * * * * * * * * * * * * * * * * * * * * * * * *

लिहायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. कागद सापडतो. सांगायचंही नाही. सांगितलेलं फिरतं. मग असं काही पाहिजे की जे विसरताच येणार नाही. ते तिला बसल्या जागी सुचलं, आणि सुचलं म्हणून ती स्वतःवर खूश झाली.

इथे थोडं थांबून तिच्या खुशीवर संशय घ्यायला हरकत नाही.

गुप्त प्रश्न : तुमची पहिली शाळा कोणती?

गावात शाळा एकच. पुढचा प्रश्न.

नाही, याच शाळेत शिकलेली एकजण सांगायची राहिली. मिना. बाबूसिंग आणि रूपाबाईची मुलगी, गावाजवळच्या तांड्यावरची. पहिलीपासून बारावीपर्यंत दोघी एका बाकावर बसल्या. नांदेडचा अर्ज भरायची कल्पना मिनाची. तिचा स्वतःचा अर्ज आधीच मंजूर झाला होता.

आता जे झालं ते.

जून लागला. शिवकन्येने संतरामकडे खातं उघडलं. न वाचलेला मेल ठळक अक्षरांत दिसतो हे तिला माहीत होतं. नांदेडचा मेल आलेला होता, आणि तो ठळक नव्हता. कुणीतरी तिच्याआधी वाचला होता. मजकूर असा की तुमची निवड झाली आहे, येणार असाल तर कळवा, महिनाअखेरीस हजर व्हा.

तिने 'पाठवलेले' उघडून पाहिलं. उत्तर गेलेलं होतं. इंग्रजीत दोन ओळी. मला यात रस नाही. धन्यवाद. खाली तिचं नाव.

तिने पडद्याकडे मान वळवली. पडदा हलत होता. पंख्याने हलत असेल. किंवा

गुप्त प्रश्न : तुमच्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

मेंढराला नाव नसतं. कान असतो.

सटवाजीचा, म्हणजे तिच्या बापाचा कळप मोठा होता. दिवाळीनंतर परमुलखात जायचा, पावसाआधी परत यायचा. वाटेत कळपात कळप मिसळतात, मेंढरू चुकतं. म्हणून कोकरू असतानाच कानाला कात्री लावतात. प्रत्येक घराची खूण वेगळी, आजा-पणज्यापासून चालत आलेली. सटवाजीच्या घरची खूण अशी : डावा कान शेंड्याला सपाट कापलेला, उजव्याला खालून दोन चिरा.

हाच तिचा पासवर्ड होता. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता.

तिचा विचार असा होता : ही खूण मी झोपेतही विसरणार नाही. कुठे लिहायला नको, आपल्या रानात ती चारी पायांवर फिरतेच आहे. आणि बाहेरच्या कुणाच्या डोक्यात हे येणार नाही.

खातं कुणीतरी उघडलं म्हटल्यावर तिने पासवर्ड तिथल्या तिथे बदलला. घाई होती, संतराम दोनदा डोकावून गेला होता, म्हणून ओठांवर आलं ते टाकलं. मामाच्या घरची खूण. डाव्याला मधोमध भोक, उजवा दुभंगलेला. नांदेडला लगेच लिहावं, तो नकार माझा नाही, असं तिच्या मनात आलं. मजकूर लिहूनही झाला. पण ज्याने एक उत्तर पाठवलं तो तिच्या उत्तरावर तिसरंही पाठवेल. नांदेडवाले कंटाळतील आणि नावावर रेघ ओढतील. आधी हात कुणाचा ते कळलं पाहिजे. तिने लिहिलेला मजकूर न पाठवता ठेवून दिला.

आठवड्याने आली तर तो मजकूर नव्हता. कुणीतरी पुसला होता. नवा पासवर्डही फोडला होता.

आता तिला सगळे दिसायला लागले. संतराम, कारण मशीन त्याचं. बोटं कुठे पडतात ते तो आरशातून बघत असेल, आणि दुकानात आरसा होता, गिऱ्हाइकांना केस विंचरायला. हनुमान, कारण बहिणीने नांदेडला राहणं त्याला पसंत नव्हतं आणि सेनगावच्या चकरा वाढल्या होत्या. मिना, कारण बाकी सगळं तिला माहीतच होतं, आणि दोघींतली एकच पुढे गेली की जरा जास्त उठून दिसते. हे मनात आलं त्या दिवशी मिना शेंगा घेऊन आली होती. शिवकन्येने शेंगा फोडल्या, खाल्ल्या, आणि एकेका दाण्याबरोबर तिचं तोंड निरखलं.

आणि प्रभू.

गुप्त प्रश्न : तुमची आणि तुमच्या जोडीदाराची पहिली भेट कुठे झाली?

एका मेंढीमुळे.

दोन वर्षांपूर्वी सटवाजीची एक गाभण मेंढी कळमनुरीच्या अंगाला चुकली. महिन्याने एक माणूस तिला खांद्यावर टाकून दारात आला, मागे तिचं कोकरू. प्रभूचा बाप, चतुराबाईचा नवरा. त्याच्या कळपात मेंढी शिरली होती. त्याने कान बघितला, खूण कुणाची ते चार ठिकाणी विचारलं आणि आणून दिली. सोबत मुलगा होता, प्रभू, हिंगोलीत टायपिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारा. सटवाजीला त्या माणसाची इमानदारी इतकी भावली की त्याने तिथेच मनात सोयरीक जुळवली. साखरपुडा माघात झाला.

प्रभू तिला मेल लिहायचा. साधे, चांगले मेल. लग्न झाल्यावर शिकायचं तर शीक, म्हणायचा. म्हणून तो संशयितांत शेवटी आला. म्हणूनच आधी यायला हवा होता, पण हे नंतरचं शहाणपण.

गुप्त प्रश्न : तुमच्या जिवलग मैत्रिणीचं नाव काय?

मिना.

शिवकन्येने संतरामकडे बसून मिनाच्या नावाने नवं खातं काढलं. मिनाला न सांगता. त्यातून स्वतःला मेल पाठवला : 'तुझे डोळे तपासणीत कमजोर निघाले, चष्मा लागणार आहे, हे घरी अजून कुणाला सांगू नको. लग्न मोडायचं.' आणि तो मेल न उघडता तसाच ठळक सोडून दिला. पासवर्डही बदलला नाही.

डोळ्यांची गोष्ट तिने जगात दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती, कारण ती खरी नव्हती. आता ती ज्याच्या तोंडून येईल तो चोर. संतराम असेल तर गिऱ्हाइकांत पिकेल. हनुमान असेल तर जेवताना काढेल. मिना असेल तर भांडायला येईल, मी असं कधी लिहिलं म्हणून.

ती वाट बघत राहिली. संतरामने तिला सरबत पाजलं आणि काही बोलला नाही. हनुमान जेवताना फक्त जेवला. मिनाने आणखी शेंगा आणल्या.

आणि मग एका सकाळी, चुलीपुढे, आईने भाकरी थापता थापता विचारलं :

"तुला दिसत न्हाई का गं?"

शिवकन्येच्या हातातली फुंकणी सुटली. आई? आईला तर मराठी अक्षरंही

पण आईला कुणी सांगितलं ते आईने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की प्रभूच्या घरची लोकं उद्या कातरणीला येऊन राहिले, त्यांच्या देखत उगं ठेचकाळू नको.

गुप्त प्रश्न : (हा प्रश्न यंत्राने विचारला नव्हता) समोर कुणाचं मेंढरू आहे?

कातरणीला सोयरेधायरे आपापले कळप घेऊन एका ओढ्यावर जमतात. मेंढरं धुतात, वाळवतात, कातरतात. कळप मिसळतात, कुणी त्याची चिंता करत नाही. संध्याकाळी कान बघून वेगळे करायचे.

चतुराबाई आली होती, तिचा नवरा आला होता, प्रभू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मामाही आपली मेंढरं घेऊन आला होता. चहा झाला. चतुराबाईने घसा साफ केला आणि विषय काढला तो मेंढरांचा, नंतर पावसाचा, नंतर कुणाच्यातरी सुनेचा, तिच्याबद्दल म्हणे लग्नानंतर कळलं की एका डोळ्याने. सटवाजीला जे समजायचं ते समजलं. तो उठला. त्याला डॉक्टरचा तक्ता माहीत नव्हता. त्याने लेकीला बांधावर उभं केलं आणि ओढ्यापलीकडे हात केला.

"त्यो टेकडावरचा कान. कोणाचा?"

मेंढरू लांब होतं. मांजराएवढं दिसत होतं.

"मामाचा," ती म्हणाली. "डाव्याला भोक. उजवा दुभंगलेला."

"त्याच्या बाजूचं?"

"ह्यांचं." चतुराबाईकडे बोट. "दोन्ही कान आतून कोरलेले."

लोक जमले. कातऱ्या थांबल्या. मामा मजा घेत होता, चतुराबाईच्या नवऱ्यानेही एक कठीण मेंढरू दाखवलं, पाठमोरं. तिने ते वळेपर्यंत थांबून सांगितलं. बराबर. लहान पोरं तिच्याआधी ओरडून उत्तरं देत होती, कुणाची खूण कुठली, सगळ्यांना पाठ. घोड्यावर बसून चाललेल्या परक्यालाही वाचता यावी, म्हणूनच तर खूण कापायची.

"आन् ते?" सटवाजी म्हणाला. "बाभळीखालचं."

ते त्यांच्याच घरचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तिच्याआधी प्रभू बोलला. सवयीने, हसत, सासऱ्याला खूश करायला.

"डावा सपाट, उजव्याला दोन चिरा."

तेच शब्द. त्याच क्रमाने. मधे जागा न सोडता.

तिला तेव्हा समोरचा सगळा ओढा दिसला. घरची एवढी मेंढरं, आणि प्रत्येकाच्या कानावर तिचा पासवर्ड. दुसरा पासवर्ड टेकडावर चरत होता. संतरामच्या भिंतीवर तिने विश्वास ठेवला नव्हता. संतरामची भिंत निदान दुकानात होती.

ती चतुराबाईकडे वळली आणि फार मऊ आवाजात विचारलं, की आत्याबाई, माझ्या डोळ्यांचं तुम्हाला कोण बोललं.

"आता कोण बोलणार, माय," चतुराबाई म्हणाली. शिवकन्येची परीक्षा बघून तिला हायसं वाटलं होतं, म्हणून लपवायचं राहून गेलं. "प्रभूच म्हणला. काळजीनं म्हणला. म्हून तर म्या तुह्या मायीला निरोप धाडला."

प्रभू आता हसत नव्हता.

बाकीचं त्याने बाभळीखाली सांगितलं, सगळ्यांसमोर, खाली बघत. आधी नुसतं बघायचं होतं. पासवर्ड पहिल्या फटक्याला लागला, कारण त्याचा स्वतःचाही तसाच होता, घरची खूण. बदलला तेव्हा तो मामाच्या खुणेवर गेला, दुसरं कुठे जाणार होती ती. नांदेडचा मेल दिसला. तीन वर्षं वसतिगृह, रातच्या ड्युट्या. लग्न लांबलं असतं. मी बोलणारच होतो, म्हणाला. दोन ओळी लिहून झाल्यावर बोलायचं राहिलं.

सटवाजी गोंधळला होता. त्याला यात गुन्हा दिसत नव्हता. होणाऱ्या नवऱ्याने बायकोचं पत्र वाचलं.

"वाचलं तर वाचलं," तो लेकीला म्हणाला. "मेंढरू तर न्हाई नेलं त्यानं."

"नेलं, बा. माह्या नावानं उत्तर लिवलं. आपल्या कानावर त्यानं त्याची कातरी चालवली."

चोर मेंढरू नेतो तेव्हा काय करतो ते तिथल्या पोरासोरांना माहीत होतं. जुन्या खुणेवर आपली खूण कापतो. कापलेला कान परत भरत नाही. या एका गोष्टीसाठी त्या लोकांत पंचायत बसते आणि पिढ्यांची सोयरीक तुटते. चतुराबाईचा नवरा, ज्याने कधी एक मेंढी खांद्यावरून आणून दिली होती, उठला आणि आपली मेंढरं वेगळी करायला लागला. कातरणी अर्धीच राहिली. अर्धं कातरलेलं त्याचं एक मेंढरू एका बाजूने पांढरं, एका बाजूने काळपट, कळपामागे पळत गेलं.

गुप्त प्रश्न : तुमच्या जिवलग मैत्रिणीचं नाव काय? (पुन्हा प्रयत्न करा)

मिनाला तिने सगळं सांगितलं. नवं खातं, चष्म्याचा मेल, सगळं. मिना ऐकत होती आणि पोलक्याला आरसा टाचत होती. टाचणं थांबलं.

"म्हंजी त्यानं तुह्या नावानं लिवलं. तू माह्या नावानं लिवलं."

शिवकन्या खाली पडलेले आरसे वेचायला लागली.

"आन् शेंगा खाल्ल्या माह्या."

मिना उठून आत गेली आणि रूपाबाईच्या पेटीतून एक रिकामा ताईत घेऊन आली. पितळी, नळीसारखा, दोन्हीकडून मेण लावायचा. शिवकन्या सकाळपासून एकाच गोष्टीवर अडली होती, तेही तिने मिनाला सांगितलं होतं. नवा पासवर्ड शिवकन्येला असा हवा होता की ज्याला अर्थच नसेल. अक्षरं, आकडे, कशाचा कशाशी संबंध नाही. आणि असला पासवर्ड डोक्यात राहत नाही. लिहावा लागतो. लिहिलेलं सापडतं.

"यात कोणी बघत न्हाई," मिना म्हणाली. "सगळ्याला दिसते गळ्यात. पर उघडत कोणीच न्हाई. उघडला की गुण उतरला. तुही मायबी न्हाई उघडणार, प्रभूबी न्हाई."

ते खरं होतं. गावात कुणीही कुणाचा ताईत उघडलेला शिवकन्येने ऐकला नव्हता. चोरांनीही नाही. बापाच्या मेंढराचा कान सगळ्यांनी वाचायचा होता, हा ताईत कुणीच वाचायचा नव्हता.

संतरामकडे जाऊन तिने पासवर्ड बदलला, कागदाची सुरळी आत घातली, मेण लावलं. मिना शेजारी बसली होती. शिवकन्येने लिहिताना हाताचा आडोसा केला. मिनाने ते पाहिलं आणि भिंतीवरचे जीपवाल्यांचे नंबर वाचत बसली.

स्वतःचा प्रश्न स्वतः लिहा :

नांदेडला तिने लिहिलं. उत्तर आलं : आधीचा नकारही याच पत्त्यावरून आला होता. हा होकार तुमचाच कशावरून? स्वतः या.

सटवाजी सोबत आला. कळप सोडून तो असा कामाला कधी गेला नव्हता; फेटा नवा बांधला होता आणि एसटीत मांडीवर काठी आडवी धरून बसला होता. मेंढी जिथे चुकली होती ती कळमनुरी गेली तेव्हा त्याने खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

दवाखान्याच्या ऑफिसात नर्मदाबाई नावाच्या वयस्क बाई होत्या. त्यांनी दाखला बघितला, फोटो बघितला, बापाकडे बघितलं. त्यांच्या नजरेत विश्वास नव्हता, आणि शिवकन्येला त्याबद्दल राग आला नाही. तिची जागा अजून कुणाला दिलेली नव्हती. पुढच्या मुलीला विचारलं होतं, तिचं उत्तर यायचं होतं. दाखला कुणीही दाखवतं, बाई म्हणाल्या. नकार ज्या खात्यातून आला ते खातं तुझ्या हातात आहे हे मला दिसलं पाहिजे. त्यांनी आपली खुर्ची सोडली, कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला.

"उघड माझ्यासमोर. आणि मला एक ओळ लिही."

शिवकन्या बसली. खात्याचं नाव टाकलं. मग खालचा रिकामा चौकोन, त्यात चमकणारी उभी रेघ. अक्षरं तिला पाठ झाली नव्हती. तिने गळ्यातला ताईत काढला, दोरा दातात धरला, नखाने मेण खरवडलं. नर्मदाबाई टेबलावरून वाकून बघायला लागल्या.

"बाई, तिकडं तोंड करा."

बाईंच्या भुवया वर गेल्या. पण त्या वळल्या, फायलींच्या कपाटाकडे.

शिवकन्येने कागद उलगडला नाही. सटवाजी खुर्चीमागे उभा होता, काठीवर हनुवटी टेकून, टकमक बघत. त्याला एक अक्षर येत नव्हतं. ते तिला माहीत होतं.

"बा. तुमीबी."

त्याला आधी समजलं नाही. जन्मात त्याने खूण लपवलेली नव्हती. प्रत्येक कोकराचा कान त्याने उजेडात, चार माणसांत कापला होता. तो लेकीकडे बघत राहिला, मग तिच्या मुठीकडे. मग त्याने काठी उचलली, जपून पलीकडे ठेवली, आणि नव्या फेट्यासकट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पासवर्ड : * * * * * * * * * * * * * *

खातं उघडलं.

"झालं का?" भिंतीकडूनच त्याने विचारलं.

"थांबा," ती म्हणाली आणि सुरळी पुन्हा नळीत घालायला लागली.